शंखातले गवताचे पाते

१८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टाने आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घातल्या आणि त्या स्वतःच बनवलेल्या विद्युत्घटाला जोडल्या. डोक्यात हिसका बसला आणि पाठोपाठ चुलीवर पिठले रटरटावे तसा आवाज येऊ लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने हे कळवले. प्रयोग पुन्हा करण्याची हौस मात्र त्याला उरली नाही. पण बाहेर आवाज नसतानाही निव्वळ विजेने ऐकू येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पुढची अडचण विजेपेक्षा मांसाची होती. अंतर्कर्णातला श्रवणाचा भाग म्हणजे अडीच वेढ्यांचा, वाटाण्याएवढा शंख. जन्मतः बहिऱ्या अनेक मुलांमध्ये या शंखातल्या केसपेशी निकामी असतात, पण श्रवणनाडी शाबूत असते. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी त्या नाडीपाशी तार बसवली. रुग्णाला रातकिड्यांसारखे आवाज आले, मोजके शब्दही ओळखता आले. पण यंत्र लवकरच बंद पडले. शंखाच्या वेढ्यांतून तार खोलवर न्यायची, तर ताठ तार वळणावर नाजूक पडदा फाडणार आणि मऊ तार दुमडून बसणार.

मेलबर्नचे ग्रेम क्लार्क हे बहिऱ्या औषधविक्रेत्याचे चिरंजीव. १९७७ साली सुटीत समुद्रकिनारी त्यांना एक शंख सापडला. त्यात ते गवताची पाती सारून पाहू लागले. टोकाशी लवचिक आणि बुडाशी ताठ असलेले पाते वेढ्यांतून अलगद आत सरकत गेले! सिलिकॉनची तशीच तार त्यांनी घडवली आणि १ ऑगस्ट १९७८ रोजी रॉड सॉन्डर्स यांच्या कानात बसवली. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची चाल वाजवली, तेव्हा सॉन्डर्स खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत खात्रीचा पुरावा हाच वाटतो.

मेंदूतल्या तारांनाही हाच नियम लागू आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेंदू किंचित हलतो आणि ताठ सुईभोवती व्रण धरतो. म्हणून आता केसाहून बारीक, लवचिक धागे वापरले जातात. २०२४ साली न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतून असे बरेच धागे मागे सरकले. थोडक्यात, नुसती लवचिकताही पुरत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे एक ठाणे म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. राज्यपालपदावर असताना १९७६ साली निधन पावलेल्या जंग यांच्या नावे ती १९८३ साली सुरू झाली. डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवली. पण यंत्राची किंमत ऐकूनच बहुतेक आईबाप परत फिरत. २०१४ साली सुधारलेल्या ॲडिप योजनेत केंद्राने एका यंत्रासाठी सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद केली आणि तिचे संयोजन वांद्र्याच्या संस्थेकडे आले.

तरीही आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खरा शत्रू उशीर हाच आहे. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. नांदुऱ्याच्या आमच्या नात्यातली एक मुलगी दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. आजी म्हणाली, "काही काही लेकरं उशिरा बोलतात, तिचा बापबी उशिराच बोलला होता." या एका वाक्यात वर्ष गेले. अखेर शस्त्रक्रिया झाली. पण ती केवळ सुरुवात होती. कोणत्या टोकाला किती वीज द्यायची हे पुनःपुन्हा ठरवावे लागते, प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालते. तिच्या आईने मुंबईच्या गाडीत किती रात्री बसून काढल्या, याची नोंद कोणत्याही योजनेत नाही.

मुलगी आता बोलते. "मला पाणी हवं आहे," असे स्वच्छ, प्रशिक्षिकेने शिकवलेले मराठी. आजीची तक्रार एवढीच, की थे आपल्यावानी कधी बोलन?