जुनी टुरिंग मोटारसायकल: पूर्वमालकाच्या अंगवळणी पडलेली गाडी आपलीशी करताना

रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन २०१६ साली बाजारात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातच, वागातोर येथील मेळाव्यात, नव्या इंजिनाची हिमालयन ४५० सादर झाली आणि त्यानंतर ४११ ही जुन्या बाजारातच शोधावी लागणारी गाडी झाली. पंधरा लिटरची टाकी, पुढे २१ इंची व मागे १७ इंची आऱ्यांचे चाक आणि साधी, एकसिलिंडरी यंत्ररचना यांमुळे लांब पल्ल्याची हौस असलेले अनेकजण तिच्याकडे वळतात. मात्र जुनी गाडी घेणारा केवळ यंत्र विकत घेत नाही. आधीच्या मालकाचे वजन, त्याची उंची, त्याचे रस्ते आणि त्याचा आळस हे सारे त्या गाडीच्या जुळवणीत मुरलेले असते. ते तसेच ठेवून दोघांनी सामानासह चोर्ला घाट चढणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाट पाहणे होय.

पहिली ओळख कागदांवर होते. नोंदणीपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरला असल्यास फॉर्म ३५, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०, आणि गाडी परराज्यातील असल्यास फॉर्म २८ वरील ना-हरकत लागते. गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लावून भाड्याने फिरलेली गाडी पुढे खासगी नोंदणीत येऊ शकते. अशी गाडी वाईटच असते असे नाही. पण शंभर अनोळखी हातांनी तिचा क्लच ओढलेला असतो, हे किंमत ठरवताना लक्षात असावे.

निर्मितीचे वर्षही बोलके असते. सुरुवातीच्या हिमालयनला कार्ब्युरेटर होता, भारत स्टेज ४ च्या काळात फ्युएल इंजेक्शन आले, २०१८ पासून एबीएस मिळू लागला आणि २०२० च्या भारत स्टेज ६ आवृत्तीत मागील चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय झाली. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मात्र साक्षीदार म्हणून कच्चा. त्यापेक्षा पायखुंट्यांची झिजलेली रबरे, ब्रेक पेडलची चकाकी आणि टायरच्या कडेवरील चार अंकी शिक्का अधिक खरे सांगतात. ‘२३१९’ असा शिक्का असल्यास तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी इतके जुने रबर पावसाळी घाटात विश्वासाचे नसते.

जुळवणीत सर्वांत दुर्लक्षित भाग मागील शॉक ॲब्झॉर्बरचा. स्प्रिंगच्या टोकाची खाचांची कडी हुक-पान्याने फिरवली की प्रीलोड बदलतो. कडी आवळल्याने स्प्रिंग ‘कडक’ होते, हा गॅरेजांतून पसरलेला समज चुकीचा आहे. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. बदलते ती गाडी कोणत्या उंचीवर तोलली जाते ती पातळी. ती मोजण्यास टेप पुरे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालील एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग स्वार, सहप्रवासी व सामान यांसह गाडी जमिनीवर उभी करून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतला फरक म्हणजे भाराखाली गाडी बसते ते अंतर. मागील चाकाचा एकूण प्रवास १८० मिलीमीटर आहे. त्याचा साधारण पाव ते तृतीयांश भाग, म्हणजे ४५ ते ६० मिलीमीटर, एवढी बैठक योग्य.

याहून अधिक बसल्यास मागचा भाग खाली जातो, पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. शिवाय हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि स्वाराला स्वतःच्या पुढचा रस्ता अंधारा राहतो. म्हणून हेडलाइटचा कोन नेहमी प्रीलोडनंतर, पूर्ण भारासह लावावा. चेनचेही तसेच. गाडी बसताना मागचा आस, स्विंगआर्मची खीळ आणि पुढचे दातेरी चक्र एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ‘झकास’ ताणलेली चेन भाराखाली गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ आणते. चेन किंचित सैल असलेली परवडते, घट्ट नव्हे. सैलपणाचे माप पुस्तिकेतलेच घ्यावे.

समुद्राच्या दमट हवेत ब्रेक द्रवाकडे विशेष लक्ष हवे. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ प्रतीचा कोरडा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. अनमोड किंवा आंबोलीच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की द्रवात वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत मऊ जाते. आधी कोणी कधी बदलला याची खात्री नसेल, तर घेतल्या आठवड्यातच द्रव बदलावा. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

स्टिअरिंग तपासणेही सोपे आहे. मधल्या स्टँडवर मागे भार देऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश फिरवावे. अगदी मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर बेअरिंग झिजले आहे. आऱ्यांवर पान्याने हलके टकटक करावे. खणखणीत नाद येईल ती ताणलेली, बद्द आवाजाची सैल.

लिव्हर व पेडल शेवटी. नेहमीच्या बसण्यात मनगट न वाकवता दोन बोटे क्लचवर पोहोचावीत आणि पाऊल न उचलता ब्रेक दाबता यावा. सामान रॅकवर उंच न रचता खाली, शक्य तितके सीटजवळ बांधावे.

त्यानंतर लगेच दूरचा पल्ला गाठू नये. पन्नासेक किलोमीटर फिरून यावे, नटबोल्ट, तेलगळती व चेन पुन्हा पाहावी. मग पणजी ते बेळगाव हा शंभरेक किलोमीटरचा घाटमार्ग पूर्ण भारासह करावा. गाडीला ट्यूबचे टायर असल्याने निघण्यापूर्वी दोन्ही चाके एकदा घराच्या अंगणात स्वतःच्या हातांनी काढून लावावीत. आस सोडवायला लागणारा पाना सामानात नाही, हे तिथेच कळलेले बरे.