कडब्याच्या गंजीचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात किल्ले असतात, तह असतात, दुष्काळही असतात. पण दुष्काळात गुरे काय खात होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धाराशिव जिल्ह्यासारख्या कोरडवाहू भागात तर हा प्रश्न बाजूला ठेवून शेतीचा इतिहास समजणेच कठीण आहे. धान्य संपले तर माणूस स्थलांतर करतो, मजुरी करतो, उसने आणतो. वैरण संपली की बैल विकावा लागतो. आणि बैल विकला की पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी पेरणी वेळेवर होत नाही. म्हणजे एका वर्षाचा दुष्काळ दोन वर्षांचा होतो. हा दुसरा दुष्काळ अडवण्याचे साधन म्हणजे शेतातली कडब्याची गंज. या गंजीचा इतिहास आणि तिच्यामागचे विज्ञान आपण या लेखात पाहू.

पीक एक, उत्पन्ने दोन

बालाघाटच्या पठारावर वसलेल्या या जिल्ह्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. अशा ठिकाणी वर्षभर हिरवे गवत मिळणे शक्य नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, ही येथील जुनी रीत. कणसातून माणसाची भाकरी निघते, धाटातून गुरांची वैरण.

ज्वारी मूळची आफ्रिकेतील. ती भारतात आली त्याला सुमारे चार हजार वर्षे झाली. दख्खनच्या पठारावर ती इतकी रुजली, याचे एक कारण तिची कमी पाण्यावर तगण्याची क्षमता हे आहेच. पण तिच्या उंच, पानांनी भरलेल्या धाटाचा वाटाही तितकाच मोठा आहे.

जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. इतक्या लांबच्या वाटेवर गाड्या ओढायच्या तर बैल हवेत, आणि बैलांना मुक्कामोमुक्काम वैरण हवी. पेरिप्लसच्या लेखकाने वैरणीविषयी काही लिहिलेले नाही. पण तगरच्या तलम कापडाच्या व्यापारामागे कोणीतरी साठवलेली वैरण उभी होती, असा तर्क आपण सहज करू शकतो.

योगायोग असा, की त्याच शतकात रोममध्ये कोलुमेल्ला नावाचा लेखक शेतीवर ग्रंथ लिहीत होता. वाळलेले गवत साठवण्याबद्दल त्याने दोन इशारे दिले आहेत. ते फार वाळवले तर त्यातील सत्त्व जाते. ओले असताना रचले तर ते कुजते, तापते आणि कधी कधी पेटही घेते. हे दोन्ही इशारे आजही लागू आहेत. फरक इतकाच, की युरोपातील शेतकऱ्याला दुसऱ्या इशाऱ्याची धास्ती जास्त, तर आपल्याकडे पहिल्याची.

वाळवणे म्हणजे नेमके काय?

ज्वारी उपटली तेव्हा धाटात ६० टक्के पाणी आहे असे धरू. १०० किलो धाटात ४० किलो कोरडा भाग आणि ६० किलो पाणी. कडबा नीट टिकण्यासाठी हे पाणी सुमारे १२ टक्क्यांपर्यंत खाली यायला हवे. हिशेब केला तर १०० किलो धाटाचा साधारण ४५ किलो कडबा होतो, आणि ५४ ते ५५ किलो पाणी वाफ होऊन हवेत जाते. एवढ्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता सुमारे ३६ युनिट विजेइतकी होते. ती आपल्याला ऊन आणि वारा फुकट देतात.

ही वाफ सामावून घेण्याची हवेची क्षमता तापमानावर अवलंबून असते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. आता दोन शेतांची तुलना करू. युरोपातील जून महिन्यातल्या एका शेतावर तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. तेथील एक घनमीटर हवा आणखी सुमारे ७ ग्रॅम बाष्प घेऊ शकेल. धाराशिवच्या शेतावर एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तेवढीच हवा सुमारे ४३ ग्रॅम बाष्प घेईल, म्हणजे सहापट. युरोपात गवत पुन्हा पुन्हा उलटावे लागते आणि पावसाकडे डोळे लावून बसावे लागते. आपल्याकडे धाट नुसते पसरून ठेवले तरी काही दिवसांत वाळते.

पण हेच ऊन नुकसानही करते. धाटापेक्षा पान लवकर वाळते आणि ठिसूळ होते. दुपारी पेंढ्या बांधायला घेतल्या तर पानांचा चुरा होऊन तो जमिनीवरच राहतो. पानात धाटापेक्षा प्रथिने अधिक आणि ते पचायलाही सोपे. म्हणजे चुऱ्याबरोबर वैरणीतला चांगला भाग निघून जातो. शिवाय कडक उन्हात हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनते ते कॅरोटीनही नष्ट होते.

यावर शेतकऱ्यांनी काढलेला उपाय साधा आहे. पेंढ्या पहाटे बांधायच्या. रात्री तापमान उतरते, हवेची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि कोरडे पान हवेतील थोडे बाष्प शोषून लवचीक होते. त्या वेळी पान तुटत नाही आणि बांधायला घेतलेले धाटही मोडत नाही. वनस्पतीच्या वाळलेल्या पेशीभित्तिकांचा हा आर्द्रताशोषक गुणधर्म आहे. पुस्तकात त्याला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी तो शेतकरी कुटुंबांच्या दिनक्रमात शिरलेला होता. तांबडे फुटण्याआधी शेत गाठायचे आणि ऊन चढले की हात आखडायचा, ही त्या कामाची वेळ निसर्गानेच ठरवलेली.

वाळवण्याचा आणखी एक फायदा आहे. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने ती खाल्ली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटते. नीट वाळलेल्या, पक्व कडब्यात हा धोका फारच कमी होतो.

गंज रचण्याची विद्या

पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि व्यवहार शेकड्यावर. हा हिशेब ज्वारीच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. पेंढ्या रचताना बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवतात. वरचा भाग उतरता करतात आणि त्यावर गवताचे किंवा पाचटाचे छप्पर घालतात. त्यामुळे वळवाच्या पावसाचे पाणी निथळून जाते आणि नाजूक पाने आत सुरक्षित राहतात. वाळवी लागू नये म्हणून तळाशी दगड किंवा लाकडे घालून गंज जमिनीपासून उचलतात.

वैरण ओली असताना रचली तर काय होते? २० टक्क्यांहून अधिक पाणी असेल तर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. वाळलेली वैरण उष्णतेची मंदवाहक असल्याने ही उष्णता आतच कोंडते. तापमान ७० अंशांच्या आसपास पोचले की बहुतेक सूक्ष्मजीव मरतात, पण तोवर रासायनिक ऑक्सिडीकरण सुरू झालेले असते. मोठ्या, ओल्या ढिगात ते पेट घेण्यापर्यंत जाऊ शकते. कोलुमेल्लाचा दुसरा इशारा हाच. आपल्याकडील कोरड्या गंजीला अशी आतून आग लागणे दुर्मिळ. तिला भय असते ते बाहेरच्या ठिणगीचे, म्हणजे पेटवलेल्या बांधाचे किंवा घासणाऱ्या वीजतारांचे.

अवकाळी पावसाचे भय मात्र आपल्यालाही आहे. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. अशा वेळी उभी ज्वारी आडवी होते आणि पसरलेला कडबा भिजून काळा पडतो. पाण्याबरोबर त्यातील विद्राव्य शर्करा वाहून जाते आणि उरलेल्या भागावर बुरशी चढते. दाणे आणि वैरण दोन्ही एकाच दिवशी हातची जातात.

दुष्काळ आणि वैरण

१८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खनमध्ये माणसांबरोबर जनावरांचाही प्रचंड संहार केला. धाराशिवचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, शेजारचे सोलापूर मुंबई इलाख्यात. दुष्काळ मात्र सरहद्द ओळखत नव्हता. त्याच काळात, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगलखात्याने चराऊ राने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची कशी उपासमार होते, हे त्यांनी त्यात परखडपणे मांडले आहे.

वैरण दुसरीकडून का आणता येत नव्हती? अडचण वजनाची नव्हती, आकारमानाची होती. धान्याचे पोते थोड्या जागेत मावते. कडब्याने गाडी दिसायला शिगोशीग भरते, पण वजन थोडेच भरते. शिवाय ती ओढणारे बैल वाटेत त्यातलीच वैरण खातात. अंतर वाढले की पोचणारा माल घटतो. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद मापाची रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकी या भागातून लातूरला पोचली. त्यामुळे धान्याचा आणि कापसाचा व्यापार बदलला. घरची गंज मात्र घरचीच राहिली. शेतकऱ्याचा भरवसा चांगल्या वर्षी राखून ठेवलेल्या जुन्या कडब्यावरच होता.

१९७२-७३ च्या दुष्काळात हे पुन्हा दिसले. रोजगार हमीच्या कामांनी माणसांना हात दिला, गुरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात चारा छावण्या सुरू झाल्या. छावणीत अनेकदा उसाचे वाढे दिले जाते. त्यात ऑक्झलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून पशुवैद्यक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. पोट भरले तरी पोषण झाले असे नाही, हा धडा छावण्यांनी दिला.

याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी या संदर्भात आठवते. शेळीला गंजीची गरज फारशी नाही. बांधावरचा झाडपाला आणि काटेरी झुडपे यांवर ती तगते. ज्याच्याकडे जमीन थोडी आणि गंज लहान, त्याला तिचा मोठा आधार.

शास्त्रज्ञांचे गणित आणि शेतकऱ्यांचे गणित

१९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार झाले. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे संकरित वाण आले. बुटके, लवकर येणारे, जास्त दाणे देणारे. खरिपात ते पसरले, पण रब्बीत शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही. याला पुष्कळांनी शेतकऱ्याचा जुनाटपणा म्हटले. वस्तुतः येथे दोन हिशेब समोरासमोर उभे होते. एकूण वाढीतला किती हिस्सा दाण्यात जातो, हे प्रजननशास्त्रज्ञ मोजत होते. दाणे अधिक कडबा असे मोजणाऱ्या शेतकऱ्याला बुटके वाण तोट्याचे वाटले, तर त्यात नवल नाही.

पुढे शास्त्रज्ञांनीही हे मान्य केले. हैदराबादच्या बाजारातील ज्वारीच्या कडब्याचा अभ्यास झाला, तेव्हा पचनीयतेत पाचेक टक्क्यांचा फरक असेल तर किमतीत सुमारे पाव हिश्श्याचा फरक पडतो असे दिसले. विकणारा आणि घेणारा दोघेही प्रयोगशाळेशिवाय, रंग, पान आणि धाटाची गोडी पाहून प्रत ठरवत होते. आज दाण्यांबरोबर कडब्याचे उत्पादन आणि प्रत यांकडेही वाण निवडताना लक्ष दिले जाते.

जगात इतरत्रही वैरण हा गंभीर शास्त्रीय विषय मानला गेला. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः हिरवा चारा आम्लयुक्त करून टिकवण्याच्या पद्धतीसाठी. आपल्याकडे मुरघास म्हणतात त्याचेच हे नातलग.

गंज लहान होते आहे

आज धाराशिव जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचे राज्य आहे. महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात घटले. ज्वारी उपटणे, पेंढ्या बांधणे ही कष्टाची कामे आहेत, त्यांना मजूर मिळत नाहीत आणि दाण्यांचा भाव तो खर्च भरून काढील याची खात्री नसते. शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याची साखळी लांब जाते. कडबा कमी, म्हणून जनावरे कमी, म्हणून शेणखत कमी, म्हणून जमिनीतील सेंद्रिय द्रव्य कमी आणि ओल धरण्याची शक्तीही कमी. भूम-वाशी भागातल्या प्रसिद्ध खव्याची भट्टीसुद्धा शेवटी वैरणीवरच पेटते.

आहे तो कडबा पुरवून वापरण्याचे मार्ग आहेत. कुट्टी केली तर नासाडी घटते. १०० किलो कडब्यावर सुमारे ५० लिटर पाण्यात ४ किलो युरिया विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवायचा, म्हणजे कडब्याची पचनीयता आणि त्यातील नत्र वाढते. मात्र प्रमाण चुकले तर युरिया विषारी ठरतो. म्हणून हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे, आणि असा कडबा वासरांना देऊ नये.

शिक्षकांना वर्गात एक गणित घेता येईल. जनावराला रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडा चारा लागतो. ४०० किलोच्या दोन बैलांना रोज २० किलो, आणि मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच्या साधारण १०० दिवसांना २ टन. मुलांनी आपल्या गावातील पेंढी तोलावी. ती २ किलोची भरली तर एक हजार पेंढ्या, म्हणजे दोनशे पाचुंदे झाले. मग घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की पूर्वी आपल्या शेतात किती पेंढ्यांची गंज लागत असे आणि आज किती लागते. प्रत्येक घरची ही दोन उत्तरे वहीत शेजारी शेजारी मांडली, की गावाचा शेतीचा इतिहास मुलांच्या हाती येईल. तो अजून कोणी लिहिलेला नाही, आणि ज्यांना तो आठवतो ती माणसे थकत चालली आहेत.