विजयस्तंभामागे एक शाळा उभी आहे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतला आंबेडकरी माणूस हिवाळा तारखांनी ओळखतो. 6 डिसेंबर, 25 डिसेंबर, 1 जानेवारी, 3 जानेवारी, 26 जानेवारी. या दिवसांत गावोगावी विहारात आणि समाजमंदिरात अभ्यासवर्ग लागतात, कुठे संविधानावर कार्यशाळा होते, कुठे वाचनालयात पोरं-पोरी संध्याकाळी एकत्र बसून वाचतात. पण या कामाला चळवळीत मान नाही. "वर्गाला दहाच पोरं आली, मिरवणुकीला पाचशे होती," हा टोमणा प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेला आहे. वर्ग म्हणजे फावल्या वेळचा उपक्रम आणि गर्दी म्हणजे खरी चळवळ, असा समज आपल्यात रुजला आहे. आपल्याच भागाचा इतिहास मात्र नेमके उलटे सांगतो.

सुरुवात शिरूरपासूनच करू. घोडनदीकाठचे हे गाव तेव्हा कंपनी सरकारच्या फौजेचा तळ होते. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची पलटण इथून निघाली. सुमारे पाचशे पायदळ, सोबत घोडदळ आणि दोन तोफा. रात्रभर थंडीत चालून सकाळी ती कोरेगावला पोहोचली आणि दिवसभर पेशव्यांच्या फौजेशी लढली. स्तंभावर कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावे आहेत. त्यातली 22 नावे 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. एवढे आपल्याला पाठ आहे आणि ते असलेच पाहिजे. पण पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. या शिपायांच्या पुढच्या पिढ्यांना लष्कराने काय दिले? फक्त बंदूक आणि पगार?

लष्कराने त्यांना शाळा दिली. गावातल्या शाळेत ज्यांना ओटीवरही बसू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांना पलटणीत अक्षरओळख मिळाली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच वाटेने शिकले. त्यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. म्हणजे बाबासाहेबांच्या घरात बंदुकीच्या आधी पाटी होती, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. शौर्य पिढीजात मिळते की नाही, यावर वाद घालता येईल. वाचनाची सवय मात्र घरातून पुढच्या पिढीकडे जाते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

शिरूर ज्या रस्त्यावर आहे तो पुणे-अहमदनगर रस्ताही केवळ फौजांचा रस्ता नाही. त्याच्या एका टोकाला पुणे. तिथे 1852 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. दुसऱ्या टोकाला नगर. तिथून अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' 1842 पासून निघत होते. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये याच 'ज्ञानोदय'ने छापला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने विचारला. तीन वर्षांच्या शाळेने एवढे केले. 1 जानेवारीला आपण ज्या रस्त्याने स्तंभाकडे जातो, त्याच्या दोन्ही टोकांना या निबंधाची गोष्ट आहे. ती किती जणांना माहीत आहे?

1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर पलटणीची शाळाही गेली. सरकारने दिलेले दार सरकारच बंद करू शकते, हा धडा तेव्हाच मिळाला. त्या बंद दारावर पहिली थाप मारणाऱ्यांत पुण्याचे शिवराम जानबा कांबळे होते. साहेबांच्या घरी बटलरचे काम करता करता ते लिहा-वाचायला शिकले. त्यांनी पुण्यात संस्था काढली, 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले. 1910 मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरवून लष्कर, पोलीस आणि सरकारी नोकऱ्या खुल्या करा, असा अर्ज थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे पाठवला. जेजुरी दौंडपासून काही फार लांब नाही. अर्ज लिहिण्यासाठी कायदा वाचावा लागतो, आकडे जमवावे लागतात, पूर्वजांनी काय केले याचे दाखले द्यावे लागतात. कोरेगावच्या स्तंभाचा पुरावा म्हणून उपयोग होऊ लागला तो अशा वाचणाऱ्या माणसांमुळे. स्तंभ तिथे आधीपासून होताच, पण त्यावरची नावे आपली आहेत हे सांगायला वाचक लागला.

याच कांबळ्यांच्या पुढाकाराने 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावला आले. त्या वर्षाचे पुढचे पान उघडून पाहा. मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह. 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. जानेवारीत स्तंभासमोर उभा राहिलेला माणूस एप्रिलमध्ये वर्तमानपत्राचा संपादक झालेला आहे. मानवंदना देऊन ते घरी जाऊन बसले नाहीत. आपण मात्र 1 जानेवारीची गर्दी पांगली की 14 एप्रिलपर्यंत विहाराला कुलूप लावतो.

आता दौंडकडे वळू. कोरेगावपासून निघालेली भीमा दौंडला येते आणि इथेच रेल्वेचे फाटे फुटतात. एक मार्ग सोलापूरला जातो, दुसरा मनमाडला. दोन्ही मार्गांच्या टोकाला आपल्या चळवळीचे हिवाळी वर्ग आहेत. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग आधीपासून लिहिलेले होते. त्यानुसार 4 जानेवारी 1925 रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले आणि पोरांसाठी हॉकीचा क्लबसुद्धा काढला. महाडच्या तळ्यावर जाण्याआधीची ही दोन-तीन वर्षे. आधी वसतिगृह, मग वाचनालय, मग सत्याग्रह, हा क्रम लक्षात घ्या.

आणि मनमाड. 12-13 फेब्रुवारी 1938 ला तिथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार बाबासाहेबांनी तिथे मांडला. हे वाक्य आपल्या प्रत्येक भाषणात येते. पण त्यांनी ते कसे समजावले, हे कमी जणांना ठाऊक आहे. अस्पृश्याला पोर्टरची नोकरी का मिळत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. गँगमन आयुष्यभर गँगमनच का राहतो? वरच्या जागेवर त्याला का घेत नाहीत? म्हणजे रेल्वे कामगारांना त्यांच्याच रोजच्या कामातून जात आणि वर्ग यांचा संबंध शिकवला गेला. समाजशास्त्राच्या एमएच्या वर्गात जे दोन वर्षांत शिकवतात, ते तिथे दोन दिवसांत शिकवले गेले. ती परिषद म्हणजे कामगारांची कार्यशाळाच होती.

हे सगळे आज का सांगायचे? कारण न वाचलेला इतिहास हिसकावून घेता येतो. डिसेंबर 2017 च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीच्या फलकावरून वाद पेटवला गेला. 1 जानेवारी 2018 रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसा झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. वाद जमिनीचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. इतिहासात कुणाचे नाव लिहायचे, हा वाद होता. अशा वेळी घोषणा देणारा तरुण भरपूर होता. पण सनावळी, शिलालेख, कागदपत्रे समोर ठेवून शांतपणे बोलणारा तरुण आपल्या प्रत्येक गावात होता का? गर्दीवर दगड पडले की गर्दी पांगते. अभ्यास केलेल्या माणसाच्या डोक्यातला पुरावा कुणाला जाळता येत नाही.

काही जण म्हणतील, गर्दीही लागतेच. बरोबर आहे. लाखो लोक शांततेने स्तंभाला मानवंदना देतात तेव्हा व्यवस्थेला धडकी भरते. विरोध गर्दीला नाही. पण गर्दीचा दिवस एक असतो आणि उरलेल्या दिवसांत माणूस एकटा असतो. रांजणगाव, सणसवाडी किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्या तरुणाच्या पगारातून पीएफ कापला जातो, पण तो खात्यावर जमा होतो का, हे पाहायला त्याला कुणी शिकवत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या टोळ्यांची मुले कारखान्यांच्या भोवती खोपटांत असतात आणि त्यांची शाळा सुटलेली असते. त्यांतली कितीतरी आपलीच आहेत. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावच्या वाचनालयांना वर्ग आणि अनुदान मिळाले, पण ते वाचनालय कुणाच्या आळीत उभे राहिले? हे प्रश्न मिरवणुकीत सुटत नाहीत. त्यासाठी बसून वाचावे लागते.

म्हणून मित्रांनो, हिवाळ्याच्या तारखा वर्गाच्या वेळापत्रकासारख्या वापरू या. 6 डिसेंबरला अभिवादन करून त्याच आठवड्यात विहारातले कपाट उघडायचे. शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड त्यात धूळ खात असतील, तर एक खंड घेऊन रोज दहा पाने मोठ्याने वाचायची. 25 डिसेंबरला स्त्रियांच्या प्रश्नावर वर्ग, आणि तो बायांनीच चालवायचा. 1 जानेवारीच्या आधी गावातल्या प्रत्येक शाळकरी पोराला स्तंभावरचा लेख समजावून सांगायचा. 3 जानेवारीला मुक्ता साळवेचा निबंध वाचायचा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले मागासवर्गीयांसाठीचे 15 टक्के कुठे खर्च झाले, त्याचा हिशेब मागायला शिकायचे आणि सभेत उभे राहून तो मागायचा. 31 जानेवारी हा 'मूकनायक'चा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वस्तीच्या एका प्रश्नावर एक पान लिहायचे. फेब्रुवारीत मनमाडची आठवण ठेवून कामगारांना पगाराची पावती वाचायला शिकवायचे.

यासाठी मंडप लागत नाही, डीजे लागत नाही, पुढाऱ्याची वेळ घ्यावी लागत नाही. एक सतरंजी, एक बल्ब, एक पुस्तक आणि दहा माणसे पुरतात. दहाच आली म्हणून हिणवणाऱ्यांना सांगा, जोतीरावांच्या वर्गातही सुरुवातीला मोजकीच मुले होती आणि त्यांतली एक मुक्ता होती.

स्तंभासमोर जरूर उभे राहू. पण परत येताना हातात झेंड्याबरोबर पुस्तकही असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहाराचे दार उघडे असू द्या.

जयभीम!