आर्सेनिकवर लोहाचा उतारा

पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते आणि पाणी उकळूनही ते नाहीसे होत नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास तळहात व तळपायांची त्वचा जाड आणि खरखरीत होते, तसेच त्वचा, मूत्राशय व फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

समस्येचे मूळ

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली पश्चिम बंगालमधील रुग्णांत ही विषबाधा ओळखली. तळ्यांच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून खोदलेल्या कूपनलिकांतूनच हे विष घरोघरी पोहोचले होते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहसंयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते. भूगर्भात प्राणवायूच्या अभावी ही संयुगे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते.

निर्मूलनाची पद्धत

हीच क्रिया उलट दिशेने घडवल्यास पाणी शुद्ध होते. पाण्यात लोहाचा गंज तयार झाला, की आर्सेनिक त्याला चिकटते. मात्र भूजलात बहुधा आढळणारे आर्सेनाइट सहज चिकटत नाही. त्याचे आधी आर्सेनेटमध्ये रूपांतर व्हावे लागते.

मुंबईत जन्मलेले, बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी विद्युत-रासायनिक पद्धत विकसित केली. तीत लोखंडी पट्ट्यांमधून अल्प दाबाचा विद्युतप्रवाह सोडला जातो. पाण्यात उतरलेल्या लोहाची प्राणवायूशी क्रिया होत असतानाच आर्सेनाइटचे आर्सेनेट होते व ते गंजाच्या कणांना चिकटते. तुरटी घालून हे कण तळाशी बसवले जातात.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील धपधपी येथील शाळेत २०१६ साली असा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता प्रतिदिन १० हजार लिटर होती. पाण्यातील आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे सुमारे २५० मायक्रोग्रॅमवरून ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आले. विद्यार्थ्यांना हे पाणी मोफत, तर ग्रामस्थांना अल्प दरात देण्यात आले. देखभालीचा खर्च निघावा, हा त्यामागील हेतू होता.

उरलेला प्रश्न

शुद्धीकरणानंतर उरणाऱ्या गाळात सर्व आर्सेनिक साठलेले असते. तो उघड्यावर टाकल्यास विष पुन्हा जमिनीत मुरण्याची भीती असते. त्यामुळे हा गाळ काँक्रीटमध्ये मिसळून बंदिस्त करण्याचे प्रयोग झाले आहेत. पट्ट्या वेळेवर बदलणे, पाण्याची नियमित तपासणी आणि गाळाची सुरक्षित विल्हेवाट या तिन्ही गोष्टी सांभाळल्या, तरच अशा प्रकल्पाचा लाभ टिकतो.