सादळलेली ठिणगी

निजामी राजवटीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फर्माने, जहागिऱ्या, रझाकार आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई उभी राहते. वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो आहे. पण त्या मुलखातील रस्त्यांवर मोटारी चालत्या ठेवणाऱ्या माणसांचाही एक इतिहास आहे. तो दप्तरांत फारसा सापडत नाही. आमच्या घरी मात्र त्याचा एक पुरावा आहे : वाटीएवढी, तडा गेलेली, काळी बेकेलाइटची टोपी.

हैदराबाद संस्थानात सरकारी मोटार वाहतूक तशी लवकर आली. निजामाच्या रेल्वेच्या रोड ट्रान्स्पोर्ट खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या बळावर काम सुरू केले. गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेले ट्रक बाजारात आले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो गाड्या निघू लागल्या. त्या काळचे बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालत. पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर जगते आणि ठिणगीचा वैरी म्हणजे ओल.

बॅटरीतला सहा किंवा बारा व्होल्टचा करंट कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा होतो. तेथून तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो आणि जाड तारांवाटे पाळीपाळीने एकेका प्लगला पोचतो. टोपीवर किंवा तारांवर दमटपणा बसला की करंट लांबची वाट सोडून जवळच्या लोखंडात उतरतो. प्लगला ठिणगी पडत नाही, सिलिंडर पेटत नाही आणि गाडी ‘मिस’ मारू लागते. आमच्या भागातले ड्रायव्हर म्हणत, ‘गाडी सादळली.’ पावसाळ्यात पापड सादळतो, तसेच हे! हैदराबादचा मिस्त्री त्यालाच ‘सीलन’ म्हणे, तेलुगू क्लीनर ‘तेमा’ म्हणे. दुखणे एक, नावे तीन.

माझे वडील १९५७ च्या पावसाळ्यात देगलूरच्या एका जुन्या पेट्रोल ट्रकवर क्लीनर होते. वय अवघे एकोणीस. आदल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचना झाली होती. देगलूर मुंबई राज्यात आले आणि देगलूर तालुक्यातलीच बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. गाव तेच, रस्ता तोच. पण हैदराबादच्या उस्मानगंजात तूर-मूग उतरवायला जाणारा ट्रक आता परराज्यात जाऊ लागला होता.

त्या पावसाळ्यात गाडीने छळ मांडला. पहाटे हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ येई. सुरू झालीच तर धडधडत, आचके देत चाले. वडील टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसत, तारा पुसत, प्लग काढून चुलीवर तापवत. दोन दिवस बरे जात, की पुन्हा तेच. शेवटी मालकाच्या मनात संशय शिरला. हा पोरगा टाकीतले पेट्रोल काढून विकतो आणि त्यात रॉकेल भरतो! रॉकेलच्या भेसळीनेही इंजिन असेच अडखळते, हे मालकाला ठाऊक होते. पगार अडला. चोर म्हणून हाकलून देण्याची भाषा सुरू झाली. घरी आजी आणि दोन धाकट्या बहिणी. त्या पगारावरच चूल पेटत होती.

मालक स्वतः ट्रकबरोबर हैदराबादला गेले. अफजलगंजाच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रीचे टिनाचे गॅरेज होते. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “गाडी दुपारी कशी चालते?” वडील म्हणाले, “ऊन चढलं की नीट चालते, चाचा.” तेव्हा तो मालकाकडे वळून म्हणाला, “मिट्टी का तेल धूप में उड़ जाता क्या सेठ?”

एवढ्यावर तो थांबला नाही. रात्र होऊ दिली, गॅरेजचा दिवा मालवला, बॉनेट उघडून इंजिन चालू केले आणि ओल्या हाताने तारांवर नुसता पाण्याचा शिडकावा केला. अंधारात टोपीवरून आणि तारांवरून निळसर रेघा सरपटताना दिसू लागल्या. मालकांनी त्या आपल्या डोळ्यांनी पाहिल्या.

टोपीला केसाएवढा तडा होता. त्यातून करंट पुन्हा पुन्हा उतरल्याने आत कोळशाची बारीक काळी रेघ पडली होती. पुसल्याने पाणी जाई. रेघ राही, आणि पुढची ओल तिलाच धरून बसे. मिस्त्रीने टोपी बदलली, सुताच्या वेष्टणाच्या जुन्या तारा बदलल्या. मग पाणी येते कुठून, ते शोधले. बॉनेटची फट नेमकी डिस्ट्रिब्युटरवर गळत होती. तिला रबराची पट्टी लावली. नाल्याच्या पाण्यातून गाडी घालण्याआधी पंख्याचा पट्टा उतरवावा, नाहीतर पंखा सगळे पाणी इंजिनावर उडवतो, हेही त्याने वडिलांना शिकवले. मालकांनी अडलेला पगार तिथेच मोजून दिला. माफी मागितली नाही. पण परतीच्या वाटेवर वडिलांना मागे मालावर न बसवता पुढे केबिनमध्ये बसवले.

टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून डिझेल ट्रक बांधायला घेतले होते. डिझेल इंजिन हवा दाबून तापवते आणि त्या उष्णतेवर पेटते. त्याला ठिणगी लागत नाही. काही वर्षांत पेट्रोलचे ट्रक हटले आणि अंधारात निळ्या रेघा वाचण्याची ती विद्याही त्यांच्याबरोबर मावळली. त्या मिस्त्रीचे नावसुद्धा वडिलांना पुढे आठवेना. ते त्याला फक्त ‘चाचा’ म्हणत.

ती तडकलेली टोपी वडिलांनी मागून आणली होती. नववीला ‘इतिहासाची साधने’ शिकवताना मी ती वर्गात फिरवतो. ‘ही कशाचा पुरावा आहे?’ असे विचारतो. मुले मोटारीचा, कारखान्याचा, निजामाच्या काळाचा, असे काहीबाही सांगतात. मग मी त्यांना सांगतो : एका क्लीनरने चोरी केली नव्हती, याचा.