मुंडकाराचा परस

गोव्याच्या ग्रामजीवनाचा इतिहास सांगताना आपण देवळे, गावकऱ्या आणि कुळागरे यांची नोंद आवर्जून घेतो. घरामागच्या परसाची मात्र सहसा घेत नाही. वास्तविक सामान्य कुटुंबाची, विशेषतः पावसाळ्यात, मोठी भिस्त या परसावर असे. न्हाणीचे पाणी केळी-अळूला जाई. मांडवावर दोडकी, कारली, काकडी चढत. खोकल्याला अडुळसा आणि पूजेला जास्वंद दारीच मिळे. उरलेली भाजी बाजारात गेली की चार पैसे घरातील स्त्रीच्या हाती पडत. मिरची, पपई, अननस ही मूळची अमेरिकेतील पिके. पोर्तुगीज अमदानीत ती इकडे आली आणि परसात अशी रुजली की आज परकी वाटत नाहीत.

परंतु हा परस होता कोणाचा? मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत असे. दारातल्या माडाचे नारळ बहुधा भाटकाराकडे जात. मुंडकाराने भाजी लावावी. पण दीर्घकाळ टिकणारे झाड लावण्यास त्याचे मन धजत नसे. उद्या उठावे लागले तर?

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने ही भीती दूर करण्याचा मार्ग खुला केला. घर आणि त्याभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. ग्रामपंचायत हद्दीत बाहेरील भिंतींपासून ५ मीटर, अथवा घरासह ३०० चौरस मीटर, अशी ती जागा ठरली.

सेवेत असताना अशा एका प्रकरणात स्थळपाहणीस गेलो होतो. फीत धरली तेव्हा घरातील वृद्ध स्त्रीने भिंतींविषयी काही विचारले नाही. न्हाणीमागची केळ मापात येते ना, एवढेच तिने विचारले. केळ मापात आली.

आपल्यापैकी अनेक घराणी भाटकारांची. त्या ५ मीटरांकडे आपण ‘गेलेली जमीन’ म्हणूनच पाहत आलो. पलीकडच्या कुटुंबाला त्यातून काय मिळाले, हेही पाहावयास हवे. माडाला फळ धरावयास कित्येक वर्षे लागतात. तोवर आपण येथेच राहणार, ही खात्री असल्यावाचून कोणी माड लावीत नाही. काही वर्षांनी त्या वाटेने गेलो, तेव्हा केळीशेजारी माडाचे रोप उभे होते.