तार, कारेर आणि कदंब : मोरजीहून पणजीला जाणारी माणसं

मोरजीतल्या जुन्या माणसाला विचारा, पूर्वी पणजीला जायला किती वेळ लागायचा? तो तास सांगत नाही. "दोन न्हंयो हुपच्यो आसल्यो" म्हणतो, म्हणजे दोन नद्या ओलांडायच्या. पहिली चोपड्याला शापोरा, दुसरी बेतीला मांडवी. मधला सगळा प्रवास या दोन पाण्यांच्या वेळापत्रकावर चालायचा.

यामागे इतिहास आहे. बार्देश पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकातच गेला. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे आला तो १७८८ मध्ये, नव्या काबिजादीत. म्हणजे शापोरा नदी जवळजवळ अडीचशे वर्षं सरहद्द होती, आणि सरहद्दीवर कोणी पूल बांधत नाही. नंतरही ती तशीच राहिली. तारीवर यायचं, होडी पलतडी असेल तर उलो मारायचा आणि वाट बघायची. पुढे मांडवीत इंजिनाच्या लाँची आल्या. त्यांना लोक गॅसोलिन म्हणत, ज्या तेलावर चालायच्या त्याच्यावरून. शिवोलीहून म्हापशाला आणि म्हापशाहून बेतीला लाकडी बांध्याच्या कारेरी धावायच्या. कारेर हा शब्द पोर्तुगीज. माणसं, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, सगळं एकाच गाडीत.

हे लिहायचं कारण जुन्या दिवसांची हळहळ नाही. पाऊस असला की चोपड्याच्या तारीवर काय हाल व्हायचे हे घरोघरी ऐकलेलं आहे. आजारी माणसाला रात्री पलीकडे न्यायचं म्हणजे नशिबाची परीक्षा. पूल हवाच होता. पण सध्या पणजीतला धूर, पणजीतली गर्दी, शहराने वाहनांचं प्रदूषण कसं कमी करावं, यावर बरंच बोललं जातं. त्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. ती आमच्या पेडण्याच्या बाजूने पाहिलं की दिसते.

२०११ च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आहे. एवढ्या छोट्या शहरात सकाळी दहाला जी वाहनं दिसतात ती शहराची नाहीत. ती बार्देशची, पेडण्याची, डिचोलीची, फोंड्याची आहेत. पणजीचा धूर मोरजीच्या अंगणात सुरू होतो, किक मारली की. तेव्हा तो कमी करायचा तर प्रश्न असा, की मोरजीच्या माणसाने सकाळी किक का मारली?

थोडा हिशेब करू. मोरजी ते पणजी तीसेक किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर जाणारी बस साडेसात लिटर डिझेल जाळते. एका लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वीस किलो. चाळीस माणसं बसली तर माणशी अर्धा किलो. स्कूटरवर एकटा गेला तर दीड किलो. मोटारीत एकटा गेला तर साडेचार किलोच्या वर. बस रिकामी धावली तर हा हिशेब कोसळतो. म्हणून बस आहे की नाही यापेक्षा ती भरते की नाही हे महत्त्वाचं.

आणि ती कशी भरते, याचं उत्तर गोव्याने एकदा दिलेलं आहे. १९७८-७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मागितली. बसवाहतूक तेव्हा खासगी मालकांच्या हातात. आंदोलन पेटलं, मुलं रस्त्यावर आली, शेवटी सवलत मान्य झाली. त्यानंतर १९८० मध्ये सरकारचं कदंब महामंडळ सुरू झालं. नाव जुन्या राजघराण्याचं, बसवर सिंह. इतिहासप्रेमींना ते आवडलं. पण त्या मुलांच्या मनात ना कदंब राजे होते, ना हवामान. त्यांना कॉलेजला जायचं होतं. तरीही मला वाटतं, गोव्यात वाहनांचा धूर रोखणारं सर्वांत मोठं पाऊल तेच. अर्ध्या तिकिटावर शिकलेली एक पिढी बसने जायला शिकली. दुसरं तसंच पाऊल म्हणजे म्हापसा-पणजी शटल. खिडकीवर आधी तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, बस भरली की सुटते, मध्ये थांबत नाही. यात यंत्राची हुशारी काहीच नाही, शिस्त आहे.

मांडवीवरचा पहिला पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये झाला. मधली वर्षं बेतीच्या फेरीबोटी पुन्हा कामाला लागल्या. बसने बेतीला उतरायचं, बोटीने पलीकडे, तिथून पायी. मग नव्या पुलाला जोडीदार पूल आला, २०१९ मध्ये अटल सेतू आला. शापोरेवर चोपडे-शिवोली पूल या शतकाच्या सुरुवातीला झाला आणि आमची पहिली तार संपली. प्रत्येक पुलासोबत रस्ता मोकळा झाला, पण बस त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. मोकळ्या रस्त्यावर स्वतःची गाडी निघाली. आता राज्यात माणसांइतकीच वाहनं आहेत म्हणतात, आणि मोरजीच्या रस्त्यावर पर्यटनाच्या दिवसांत उभं राहिलं तर ते खोटं वाटत नाही.

विजेच्या गाड्यांचं काय? जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून भाड्याने दिली जाणारी नवी पर्यटक वाहनं विजेवरचीच असतील. आमच्याकडे भाड्याच्या स्कूटरवर अनेक घरं चालतात, त्यामुळे त्या घोषणेने पोटात गोळा आला होता. विजेच्या बसही पणजीत आल्या. चांगलंच आहे, शहरातली हवा सुधारेल. पण गोव्याची बरीच वीज बाहेरच्या कोळशाच्या केंद्रांतून येते, कोरब्यासारख्या. म्हणजे थोडा धूर पणजीतून उठून छत्तीसगडला जातो. रिकामी विजेची बस आणि भरलेली डिझेलची बस यांत मी अजून दुसरी निवडीन.

लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवलं, ते बस वाढवूनच. पणजीत पार्किंगचे पैसे वाढवायची भाषा होते तेव्हा हा क्रम लक्षात ठेवावा. नाहीतर शुल्क भरणार तो चोपड्याचा कारकून, ज्याला दुसरा मार्गच नाही.

कारण सगळं अडतं संध्याकाळी. सकाळी बस मिळते. परतताना म्हापशाला पोहोचेपर्यंत साडेसात-आठ वाजले की पुढे मोरजीला काय? मी एकदा असाच अडकलो आणि पायलट करून आलो, दिवसभराच्या बसभाड्याच्या कितीतरी पट पैसे मोजून. दुसऱ्या महिन्यात हप्त्यावर स्कूटर घेतली. आमच्या वाड्यावरच्या बहुतेक स्कूटरींची जन्मकथा अशीच आहे. शेवटची बस चुकली.

आमच्या अभ्यासगटाने म्हणून पेडणे-म्हापसा मार्गाचं जुनं वेळापत्रक जुळवायला घेतलं आहे : चोपड्याची शेवटची फेरी किती वाजता, तिला जोडणारी बस कुठून, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारादिवशी काय बदल. कोणाच्या ट्रंकेत जुने विद्यार्थी पास, तिकिटांची पुस्तकं, कंडक्टरच्या डायऱ्या असतील तर दाखवायला आणाव्यात. आताचं वेळापत्रकही शेजारी लिहीत आहोत, शेवटच्या बसपासून उलटं.